परभणीच्या गारठ्यात रोजची सायकल: आधी हात सांभाळा, मग उजेड, मग अंग

मी मानवतच्या एका जिनिंगमध्ये फिटर आहे. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागतात आणि फेब्रुवारी सरेपर्यंत मशिनी थांबत नाहीत. म्हणजे वर्षातले सगळ्यात गार महिने तेच आमचे सगळ्यात धावपळीचे. वस्ती कोल्हा गावाच्या अलीकडं, शेतात. पहिली पाळी सातची. त्यामुळं हंगामभर अंधारातच सायकल काढायची, हे कित्येक वर्षांचं ठरलेलं. कामावरची नवी पोरं विचारतात, "मामा, एवढ्या गारठ्यात कसं जमतं हो?" त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितोय. ज्यांना पहाटे दूध घालायला, पाळीला, शिकवणीला किंवा शाळेला सायकलनं जावं लागतं त्यांच्यासाठी.

बर्फाच्या मुलखातले लोकसुद्धा हिवाळाभर सायकल चालवतात. फिनलंडमधलं औलू शहर तर त्यासाठीच ओळखलं जातं. तिकडं काहीजण बारीक लोखंडी खिळे बसवलेले टायर वापरतात, पण खरी गोष्ट अशी की तिथं सायकलचे रस्ते वेगळे आहेत, त्यांच्यावरचा बर्फ वेळेवर हटवला जातो आणि रस्त्यावर दिवे असतात. आपल्याकडं रस्त्यावर पाणी गोठत नाही. पण दिवे नाहीत, वेगळा रस्ता नाही आणि त्याच अंधारात उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. म्हणून आपल्याला थंडीची तयारी करायची ती आपल्या रस्त्याच्या हिशेबानं.

आपली थंडी कमी आहे असंही समजू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठात २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा २ अंशांवर गेला होता. दर साली तसं होत नाही, पण आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि उत्तरेकडची गार हवा खाली उतरलेली, असं जुळून आलं की पहाटे ६-७ अंश ठरलेले. त्यात आपण सायकलवर असतो. ताशी २० किलोमीटरनं गेलं की वारा नसतानाही तेवढा वारा तोंडावर येतो, आणि ६ अंशांची हवा अंगाला साधारण २ अंशांची लागते. शिवाय गार हवा जड असते, ती खोलगट जागी जाऊन साचते. ओढ्याच्या पुलाकडं उतार लागला की दहा-वीस कदमांत गारठा एकदम वाढलेला कळतो आणि पलीकडचा चढ चढलं की कमी होतो. चढावर अंग तापतं, उतारावर घाम गार पडतो. तुमच्या वाटेवर अशा जागा कुठं आहेत ते माहीत करून घ्या. धुई दाटते ती तिथंच, आणि रस्ता ओला असतो तोही तिथंच.

हात

अंगाची काळजी सगळे करतात. अंगाचं काय, दहा मिनिटं पायडल मारलं की ते तापतं. हात मात्र हँडलवर हलत नाहीत, वाऱ्यात सगळ्यात पुढं तेच असतात आणि मुठीत गार लोखंड असतं. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला गेला तेच कळत नाही. थंडीत सायकलवाला पडतो तो बऱ्याचदा यामुळं. म्हणून माझा पहिला नियम हातांचाच आहे. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवून बघा. सहज टेकलं तर निघा, वाटेतही अधूनमधून तेच करून बघा. टेकत नसेल तर थांबून हात गरम करायचे, मग पुढं.

नुसते लोकरीचे हातमोजे पुरत नाहीत, त्यातून वारा आरपार जातो. लोकरीच्या मोज्यावर वारा अडवणारं काहीतरी पाहिजे. दूधवाल्यांच्या मोटारसायकलला रेक्झिनची हँडल-कव्हरं असतात ना, तशीच सायकलला शिवून घेता येतात. शिंप्याला माप देताना मूठ आणि ब्रेकचा दांडा दोन्ही आत बसतील एवढं मोठं सांगा, आणि हात आत-बाहेर करायचं तोंड ढिलं ठेवायला सांगा. घट्ट तोंड असलं तर पडायच्या वेळी हात अडकतो. आतून जुन्या स्वेटरची बाही लावली तर पातळ मोज्यावरही भागतं.

दुसरं काम ब्रेकच्या दांड्यांचं. हे फुकटात होतं आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. उघडं लोखंड बोटांतली ऊब ओढून घेतं. जुन्या फाटक्या ट्यूबची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी कापा. ट्यूब आधी आतून-बाहेरून पुसून कोरडी करा, नाहीतर आतल्या पावडरनं ती घसरते. दांड्याच्या टोकाकडून सुरुवात करून, पट्टी चांगली ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत आत यायचं. दांडा जिथं खिळीवर फिरतो त्याच्या दोन बोटं अलीकडं थांबायचं, शेवटचं टोक मागच्या वेढ्याखाली सारून ओढायचं. मग ब्रेक पूर्ण दाबून सोडा. दांडा आपोआप झटक्यात मागं आला पाहिजे. अडखळला तर एक वेढा काढा. रबर हाताला लोखंडाएवढं गार लागत नाही आणि दहिवरानं ओल्या झालेल्या हातातून सुटत नाही.

बोटं तरीही बधिर झालीच तर सायकल बाजूला लावून हात खांद्यातून जोरानं गोल फिरवा, रक्त बोटांच्या टोकांपर्यंत उतरतं. नाहीतर काखेत धरा. बधिर हात थेट शेकोटीवर धरू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही, आणि कळेपर्यंत फोड आलेला असतो. पाच मिनिटांनी हाताला जाणीव आली की मग खुशाल शेका.

अंगावरचे कपडे

घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय. तो पुढं घाम काढणार आणि तोच घाम उतारावर हाडं गारठवणार. सुती बनियन घाम धरून बसते. तिच्याऐवजी कबड्डी-क्रिकेटची पॉलिस्टरची जर्सी आत घाला, ती लवकर वाळते. त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर पातळ विंडचीटर. विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत येणारी पाहिजे, म्हणजे तापलं की चालता-चालता थोडी उघडता येते. रेनकोट मात्र नको, त्यात घामाला बाहेर पडायला वाटच नसते.

विंडचीटर नसेल तर कालचा पेपर. दोन-तीन पानं घडी घालून सदरा आणि स्वेटरच्या मध्ये, गळ्यापासून बेंबीपर्यंत. टूर द फ्रान्सचे मोठेमोठे सायकलपटूसुद्धा घाटावरून उतरताना छातीशी वर्तमानपत्र कोंबायचे. कागद वारा अडवतो, काम एवढंच. पोहोचल्यावर तो दमट झालेला असतो, टाकून द्यायचा. कामावर एक कोरडी बनियन ठेवा आणि पोहोचल्या पोहोचल्या बदला. ओल्या बनियनवर पाळी काढणं हे सायकलच्या थंडीपेक्षा वाईट.

मफलर, शाल, ओढणी, पदर, ज्याचं टोक लोंबतं ते सगळं आत खोचा. चाकात किंवा साखळीत एकदा गुंतलं तर ते गळ्यापाशी ओढतं. मफलर नाकावरून घेतला तर आत जाणारी हवा जराशी कोमट होते, छातीत कळ येत नाही. कानटोपी पातळच बरी. जाड टोपीत मागच्या गाडीचा आवाज येत नाही, आणि अंधारात कान हे दुसरे डोळे आहेत. पायात चप्पल नको. कॅनव्हासचा बूट असेल तर मोज्यावरून एक प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घाला, पण बूट घट्ट होता कामा नये. आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि दोन मोजे घालूनही पाय गारच राहतो. गुडघ्यांवर चरबी नसते, ते लवकर आखडतात, म्हणून पँटच्या आत ट्रॅकपँट घाला.

दिसणं

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. ऊसतोड सुरू झाली की कारखान्यांकडं रात्रंदिवस ट्रॅक्टर चालतात, एका मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं बहुतेकदा दिवा नाही. त्यातच बैलगाड्या, टायरगाड्या. ती माणसं आपल्याही आधी उठून गारठ्यात राबत असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांना आपण दिसत नाही आणि ते आपल्याला दिसत नाहीत, हे धरूनच चालायचं.

मागच्या मडगार्डवर लाल रेडियमची पट्टी लावाच. पण तेवढ्यावर भागवू नका. पायडलच्या दांड्यांना आणि घोट्यांना पिवळ्या-पांढऱ्या रेडियमच्या पट्ट्या लावा. एका जागी चमकणारा ठिपका म्हणजे मैलाचा दगडही असू शकतो, खांबही असू शकतो. वरखाली होणारे दोन ठिपके बघितले की ड्रायव्हरला लगेच कळतं, सायकलवर माणूस आहे. रेडियम नंबरप्लेटवाल्याकडं मिळतं, फार पैसे लागत नाहीत. मागं लाल दिवा, पुढं पांढरा. पुढचा दिवा धुईत वर ठेवला तर उजेड धुईवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. तो चाकाच्या पुढं आठ-दहा हातांवर जमिनीवर पडेल असा खाली वाकवा. चष्मा असेल तर खिशात सुती रुमाल हवा, धुईत काचेवर पाणी धरतं.

ट्रॉलीच्या मागं-मागं जाऊ नका. ऊस सुटून पडतो, आणि ड्रायव्हरनं खड्डा चुकवला तर ट्रॉली कुठं झुलेल ते सांगता येत नाही. ओव्हरटेक करायचं असेल तर दुसरी ट्रॉली आहे का ते आधी बघा. पहिलीच्या पुढं गेलो म्हणून आत घ्यावं आणि दुसरी तिथंच असावी, असं होतं. बंद पडलेली ट्रॉली दिसली तर तिच्या मागं वीस-तीस कदमांवर मोठे दगड मांडलेले असणार, चाकालाही दगड लावलेला असणार. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यातच राहतात. सकाळच्या अंधारात तेच दगड सायकलच्या पुढच्या चाकाला भेटतात. मी जिथं जिथं असे दगड बघतो तिथं उतरून बाजूला करतो. तुम्हीही करा, एका मिनिटाचं काम आहे.

धुईसाठी माझा हिशेब विजेच्या खांबांचा. शेतातले खांब साधारण पन्नास-साठ मीटरवर असतात. पुढचे दोन खांब दिसत असतील तर सायकल हळू चालवा. एकच दिसत असेल तर उतरून, डांबरी सोडून कडेनं हातात धरून चाला. तोही दिसत नसेल तर थांबा, रस्त्यापासून चांगलं आत, एखाद्या हॉटेलच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला. आणि एक लक्षात ठेवा: सूर्य उगवला की धुई लगेच विरत नाही, उलट पहिल्या अर्ध्या तासात कधीकधी जास्तच दाटते. कॅनॉलच्या बाजूला आणि भिजवलेल्या उसाच्या पट्ट्यात तर नक्कीच. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आपल्या पाथरी-मानवत भागात फिरतं तिथं हे रोजचं आहे.

संक्रांत झाली की दिवस मोठा होतो म्हणून लोक निर्धास्त होतात. दिवस मोठा होतो तो संध्याकाळकडून. सकाळी सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यालाच, परभणीकडं सातच्या सुमारास. म्हणजे येळवशीला (मार्गशीर्षातल्या अमावस्येला) जो दिवा लागतो तो जानेवारी संपेपर्यंत काढायचा नाही.

रस्ता: आपल्याकडचा बर्फ

रब्बीत शेतपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. गहू-हरभऱ्याचं, उसाचं पाणी रात्री चालतं आणि एखादा दंड फुटला की पाणी रस्त्यावर येतं. ओल्या उसातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरीवर पाडत जातो. त्यावर पहाटेचं दहिवर पडलं की ती माती साबणासारखी होते. अंधारात डांबर काळं, मातीही काळी, दिसत काहीच नाही. बर्फाच्या देशात रस्त्यावरचा पातळ, न दिसणारा बर्फ जसा घात करतो तसाच हा प्रकार, आणि उपायही तेच.

उसाच्या शेताची वाट जिथं डांबरीला मिळते त्या प्रत्येक तोंडाच्या आधीच वेग कमी करा. चिखलावर चढल्यावर ब्रेक नको, वळण नको, जोर लावून पायडल मारणं नको. हँडल सरळ, दोन्ही पायडल सारख्या उंचीवर, ढुंगण सीटवरून थोडं हलकं, आणि सायकलला आपल्या वेगानं पार होऊ द्या. पुढचा ब्रेक तर अजिबात नको. पुढचं चाक घसरलं की सावरता येत नाही, मागचं घसरलं तर पाय टेकवून सावरता येतं. उसाचं पाचट आणि चेंगरलेले तुकडे यांच्यावरही असंच. रेल्वेफाटक असेल तर रूळ सरळ काटकोनात ओलांडा, दहिवरानं रूळ निसरडे झालेले असतात.

टायरमधली हवा या दिवसांत थोडी कमी ठेवली तर पकड चांगली मिळते. पण थंडी ती आपोआपही कमी करते. दुपारी तिशीच्या उन्हात ५० पीएसआय भरलेली हवा पहाटे ८ अंशांत ४५ च्या आसपास येते. ट्यूब पंक्चर नसते, हवा फक्त आकसलेली असते. म्हणून हवा बघायची ती पहाटे, दुपारी नाही.

सायकल

हे माझ्या धंद्यातलं, म्हणून थोडं बोलतो. जळकं ऑइल साखळीला घालू नका. ते गारठ्यात घट्ट होतं, धूळ धरतं, आणि आमच्यासारखं कापसाच्या परिसरात असेल तर रुईचे तंतू त्यात असे मुरतात की साखळीचा प्रत्येक दुवा आखडतो. साखळी रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, मग शिलाई मशिनीचं पातळ ऑइल दुव्या-दुव्याला एकेक थेंब घाला आणि वरचं पुसून टाका. ऑइल दुव्याच्या आत पाहिजे, वर नाही. आठवड्यातून एकदा पुरतं. चाकांच्या आसाजवळ बघा, तिथंही तंतूंची दोरी वळलेली असते. ती चिमट्यानं काढा, ब्लेडनं नको, सील कापलं जातं.

पहाटे पायडल मारताना मध्येच पाय मोकळा फिरत असेल तर तो फ्रीव्हीलचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचा दोष. आतलं जुनं ग्रीस गारठ्यात चिकट होतं, खटके वेळेवर उठत नाहीत. त्यात थोडं पातळ ऑइल सोडून उलटं-सुलटं फिरवा. तरी सुटत असेल तर बदला. जोर लावताना पाय मोकळा गेला तर माणूस थेट हँडलवर येतो.

चकचकीत लोखंडी रिम दहिवरानं ओली असली की ब्रेक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जवळजवळ लागतच नाही. म्हणून निघताना घराजवळच ब्रेक हलके धरून थोडं अंतर चालवा, रबरं रिम पुसून घेतात. उतार किंवा चौक यायच्या आधी परत तसंच करा. रात्री सायकल उघड्यावर ठेवू नका. पत्र्याखाली, निदान सीट आणि हँडलवर पोतं टाकून ठेवा.

पोट आणि छाती

रिकाम्या पोटी निघू नका. रात्रीची भाकरी आणि जवसाची चटणी, नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि गूळ एवढंही चालेल. चहा हवाच, पण नुसत्या चहावर दहा किलोमीटर गारठ्यात काढणं अंगाला सोसत नाही. थंडीत तहान कळत नाही, म्हणून पोहोचल्यावर आठवणीनं कोमट पाणी प्या. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांचं हृदयाचं दुखणं, बीपी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पहाटेची सायकल धरावी. गार हवेनं श्वासनळ्या आकसतात आणि रक्तदाबही वाढतो. सगळ्यांनीच पहिली पाच मिनिटं सावकाश चालवावं.

आणि जमत असेल तर मालकाशी, सरांशी बोलून बघा. डिसेंबर-जानेवारीत अर्धा तास उशिरा निघता आलं तर अंधार, धुई आणि गारठा तिन्ही एकदम कमी होतात. आमच्याकडं पाळी बदलायचं एकदा सगळ्यांनी मिळून मांडलं तेव्हा कडाक्याच्या दिवसांपुरतं मान्य झालं. मागितल्याशिवाय मिळत नाही.

शाळेच्या पोरी

सकाळच्या शाळेला निघालेल्या मुली मला रोज वाटेत भेटतात. बऱ्याच जणींकडं मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकली असतात. अंगात स्वेटर असतो, पण हातात मोजे नाहीत, मागं दिवा नाही, ओढणी खांद्यावर मोकळी, आणि गप्पा मारत तिघी-तिघी बरोबरीनं चाललेल्या. त्यांच्या आई-बापांनी एका रविवारी एवढं करावं: मागच्या मडगार्डवर लाल रेडियम, दोन्ही पायडलांना पिवळं रेडियम, ब्रेकच्या दांड्यांना ट्यूबची पट्टी, साखळीचं कव्हर सुटलं असेल तर तारेनं बांधून घ्यावं. ओढणी मागं गाठ मारून आत खोचायला सांगावं. उसाच्या वाटेच्या तोंडाशी आणि ट्रॉली येताना एकीमागं एक चालायचं, हे एकदा त्यांच्याबरोबर त्या रस्त्यानं जाऊन दाखवावं. घरात सांगितलेलं विसरतात, रस्त्यावर दाखवलेलं विसरत नाहीत. रेडियमचा एक रोल चार-पाच सायकलींना पुरतो, तेव्हा शेजारच्या पोरीच्या सायकललाही त्यातलंच लावून टाका.